क्रोम, काळा, सोनेरी की ब्रश्ड? बोअरच्या पाण्याच्या घरासाठी नळ निवडताना

मावसभावाचं चोपड्याला घर चाललंय. स्लॅब पडला, प्लास्टर झालं, आता गाडी टाइल्स आणि नळांवर आली आहे. परवा रात्री त्याने जळगावच्या एका शोरूममधून फोटो पाठवला. काळा मॅट वॉल मिक्सर (भिंतीतला गरम-गार पाण्याचा जोडनळ), काळा शॉवर, बेसिनवर काळा पिलर कॉक (उभा नळ), मागे पांढरीशुभ्र टाइल, वरून पिवळा दिवा. खाली एवढंच, "ताई, घेऊ का?"

मी उलट विचारलं, "तुमच्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का रे?"

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. पण प्रश्न खराच होता. आपल्याकडे कितीतरी घरांत डाळीसाठी पाण्याची वेगळी कळशी असते, कारण बोअरच्या पाण्यात डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी टणकच राहते. ज्या पाण्यात डाळ गळत नाही, त्या पाण्याखाली काळा मॅट नळ सहा महिनेही देखणा राहत नाही. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या घरात तीन बाथरूम आहेत, तिन्हींचे नळ वेगळे आहेत, घर बांधून सात वर्षं झाली आणि ते नळ पुसण्याचं काम तेव्हापासून माझ्याकडेच आहे.

खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या बाथरूममध्ये साधं क्रोम. वर आमच्याकडे काळा मॅट, कारण तेव्हा तो नवीन निघाला होता आणि आम्हीही असेच एका शोरूमच्या दिव्याखाली उभे होतो. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये रोझ गोल्ड, तो यजमानांचा हट्ट. जळगावात राहून सोनेरी काही नको म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय. स्वयंपाकघरात ब्रश्ड स्टीलचा उंच नळ. वॉशिंग मशीनजवळ आणि गच्चीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या तोट्या. म्हणजे शोरूमचा अर्धा कॅटलॉग घरातच आहे, आणि सगळ्यांची परीक्षा घेणारं पाणी एकच. अपवाद जिन्याखालच्या हात धुवायच्या बेसिनचा. तिथे पालिकेची लाइन आहे, वाघूर धरणाचं पाणी. त्याचा उल्लेख पुढे येईल.

पाणी आधी, रंग नंतर

बोअरचं पाणी खडकातून आणि मातीतून येताना कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून आणतं. दिसायला ते काचेसारखं स्वच्छ असतं. नळावर थेंब राहिला, त्यातलं पाणी उडून गेलं, की क्षार मागे राहतो. तोच पांढरा डाग. पाणी तापवलं की हाच क्षार आणखी भराभर बाहेर पडतो, म्हणून गिझरच्या बाजूचा नळ गार पाण्याच्या नळापेक्षा आधी पांढरा पडतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये गिझर लागतो कशाला? पारा ४४-४५ वर गेला की गच्चीवरच्या टाकीतलंच पाणी हात भाजेल इतकं तापतं. कोरड्या हवेत थेंब ओघळायच्या आत सुकतो आणि जिथल्या तिथे ठिपका ठेवून जातो. मुंबईच्या दमट बाथरूममध्ये काढलेल्या व्हिडिओत "एकदा पुसलं की आठवडाभर चमक" म्हणतात, ते इथे चालत नाही ते यामुळे.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात एकूण कठीणपणा, म्हणजे याच क्षारांचं प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानलाय, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायला सांगितलंय. आमच्या बोअरचा आकडा ६८० आला होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. बाटली नेऊन द्यायची, बस. आरओवाला खिशातून काढून बुडवतो ते टीडीएस मीटर इथे पुरत नाही. ते विरघळलेलं सगळं मिळून मोजतं. त्यातलं डाग पाडणारं किती, हे ते सांगत नाही. प्रयोगशाळा लांब वाटत असेल तर अर्धी बाटली पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा कीस टाका आणि खळखळून हलवा. भरपूर फेस आला तर तुमचं नशीब चांगलं. फेसाऐवजी वर दह्यासारखी साय फिरायला लागली, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

क्रोम: वरून सगळे सारखे, आतून नाहीत

दुकानदार ज्याला सीपी फिटिंग म्हणतो ते हेच, क्रोमचा मुलामा दिलेलं. मुलामा म्हटलं की मला कल्हईवाला आठवतो. पितळेचं पातेलं निखाऱ्यावर तापवून, नवसागर टाकून, कथिलाचा पुंजका फिरवला की आतून चांदीसारखं होई. नळाचंही तत्त्व तेच, पद्धत वेगळी. आत पितळ, त्यावर विजेच्या साहाय्याने चढवलेला निकेलचा थर, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा अगदी पातळ पापुद्रा. निकेल काही मायक्रॉनचं, तर क्रोम साधारण अर्ध्या मायक्रॉनच्याही आत. केस ७०-८० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. गंज अडवायचं खरं काम निकेल करतं. क्रोम त्याला निळसर थंड झाक देतं आणि ओरखड्यांपासून वाचवतं, कारण ते फार कठीण असतं.

म्हणून क्रोमचा नळ घेताना वरची चमक पाहण्यात अर्थ नाही. चमक पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असते. पाहायचं असतं ते खाली काय आहे. पितळेवर चढवलेलं क्रोम आणि जस्ताच्या मिश्रधातूवर चढवलेलं क्रोम, शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. हातात घेतले की कळतो. पितळ चांगलंच जड, जस्ताचं मिश्रण त्याच्यापेक्षा हलकं. एकाच आकाराचे दोन पिलर कॉक दोन्ही हातांत घेऊन बघा. जस्तावरच्या मुलाम्याला बारीक छिद्र पडलं की आत पांढरी भुकटी धरते आणि वरचा पापुद्रा फोडासारखा फुगतो. चुंबक लावून परीक्षा करा असं कुणी सांगेल, पण ती अर्धवट आहे. पितळाला चुंबक चिकटत नाही, जस्तालाही चिकटत नाही. फक्त आत लोखंड दडवलं असेल तर सापडेल.

तिसरा प्रकार प्लास्टिकवर क्रोमचा. मिक्सरची बॉडी पितळेची आणि मूठ प्लास्टिकची, हे अगदी सर्रास असतं. त्यात फसवणूक आहे असं नाही, पण चार-पाच वर्षांत त्या मुठीची साल उन्हात भाजलेल्या कातडीसारखी निघते आणि तिची कड बोटाला कापते. सासूबाईंच्या नळाची तशी एक मूठ मी बदलली आहे. बाकी तो नळ सात वर्षांत जसाच्या तसा आहे. बोअरचंच पाणी, डाग पडतातच, पण लिंबाच्या फोडीने दोन मिनिटांत जातात आणि खालून परत आरसा निघतो. क्रोम गुळगुळीत असल्यामुळे क्षाराला धरायला जागाच सापडत नाही.

क्रोममध्ये उणं काय? बोटांचे ठसे दिसतात. थेंब दिसतात. आणि ते सगळ्यांकडे असतं, म्हणून कुणी आलं-गेलं "वा!" म्हणत नाही. हे शेवटचं कारण हलकं समजू नका. निम्मे काळे नळ त्याच्यामुळेच विकले जातात.

काळा मॅट: फोटोतला राजा

काळ्या नळावर माझा राग आहे असं वाटेल, पण तसं नाही. जिन्याखालच्या पालिकेच्या पाण्याच्या बेसिनला मी मागाहून काळाच पिलर कॉक लावला, वरचा सुटा उरला होता म्हणून. तो आजही छान आहे. तोच संच, तोच डबा, एक वर आणि एक खाली. खालचा बघून पाहुणे अजून दुकानाचं नाव विचारतात.

वरचा मात्र पाहवत नाही. जिथून पाणी पडतं त्या तोंडाभोवती साबुदाण्याएवढे पांढरे खडे जमलेत, आणि थेंब ओघळायच्या वाटेवर पिंडीवर भस्माचे पट्टे ओढावेत तशा रेघा. पांढरा क्षार पांढरट धातूवर लपतो. काळ्यावर कुठे लपणार? त्यात मॅट म्हणजे पृष्ठभाग मुद्दाम बारीक खडबडीत ठेवलेला. क्षार त्या खाचांत रुतून बसतो. जोर लावून घासलं तर क्षाराबरोबर खडबडीतपणाही जातो आणि तेवढ्याच जागी तुळतुळीत डाग पडतो. मुठीवर, जिथे रोज अंगठा लागतो, तिथे आमचा नळ असाच तेलकट चमकायला लागलाय. सासूबाई पहिल्यांदा वर आल्या, नळाकडे बघून म्हणाल्या, "हाई काय व्हयनं माय?" त्यांना वाटलं जळला.

एक गोष्ट मात्र दुकानात विचारायलाच हवी, कारण काळा म्हणजे एकच काळा नसतो. स्वस्तातला बहुतेक पावडर कोटिंगचा असतो: रंगाची भुकटी नळावर बसवून भट्टीत साधारण २०० अंशांना भाजलेली. ग्रिलला, कपाटाला असतं तेच. त्याला एकदा टवका गेला की आतलं पितळ किंवा निकेल डोकावतं, आणि त्याला दुरुस्ती नाही. दुसरा विजेच्या मुलाम्याचा काळा, तो जरा राखाडी झाक मारतो. तिसरा पीव्हीडीचा, म्हणजे निर्वात भट्टीत धातूची वाफ बसवून केलेला (त्याबद्दल पुढे), सर्वांत महाग आणि सर्वांत चिवट. आमचा पहिल्या जातीचा होता. दुकानदाराने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पीव्हीडीचा घेतला असता तर टवके गेले नसते. पांढऱ्या रेघा मात्र तशाच राहिल्या असत्या, कारण त्या पाण्यातून येतात.

सोनेरी आणि रोझ गोल्ड

इथे मला उलट बोलावं लागतंय. लग्नात नवऱ्याचं एकही म्हणणं बरोबर निघू नये असा माझा कायदा आहे, पण पाहुण्यांच्या बाथरूममधला रोझ गोल्ड काळ्यापेक्षा कितीतरी बरा टिकलाय.

कारण तो पीव्हीडीचा आहे. या पद्धतीत नळ निर्वात भट्टीत टांगतात, टायटॅनियम किंवा झिर्कोनियमसारख्या धातूची वाफ करतात, सोबत नायट्रोजन वगैरे वायू सोडतात, आणि त्यांचं संयुग नळावर एकेका अणूने बसत जातं. थर मायक्रॉनच्या आसपासच, पण फार कठीण. फॅब्रिकेशनवाल्याकडे सोनेरी ड्रिल बिट पाहिले असतील. लोखंडाला भोकं पाडूनही ते सोनेरीच राहतात. त्यांच्यावर टायटॅनियम नायट्राइड असतं, सोनं नव्हे. चांगल्या सोनेरी नळावर तेच किंवा त्याचंच भावंड असतं. पॉलिश केलेला असेल तर क्रोमसारखाच गुळगुळीत, त्यामुळे क्षार पुसला जातो. वर रंगच पिवळसर-तांबूस, त्यामुळे पांढरा डाग काळ्यावर ओरडतो तसा इथे ओरडत नाही.

पण बाजारात दुसरंही सोनेरी आहे. सराफ बाजारात ज्याला आपण मुलाम्याचे दागिने म्हणतो, त्याचा बाथरूममधला भाऊ. पितळसर रंगाचा पातळ विजेचा थर आणि वरून पारदर्शक लाखेचा हात. पहिल्या दिवाळीला उजळ, दुसरीला कडा पांढुरक्या, तिसरीला लाख सुटून चट्टे. दोन्ही डब्यांवर "गोल्ड" एवढंच लिहिलेलं असतं. डब्यावर किंवा दरपत्रकात पीव्हीडी हा शब्द दाखवा म्हणायचं. "तसंच असतं ताई, एकच आहे" असं उत्तर आलं की डबा खाली ठेवायचा. सॉल्ट स्प्रे चाचणी किती तासांची केली, हेही विचारा. ३५ अंशांच्या पेटीत पाच टक्के मिठाच्या पाण्याचा धुका सोडून मुलामा किती तास तग धरतो, ते त्यात पाहतात. तास सांगता आले तर चांगलंच, पण प्रश्नावर दुकानदाराचा चेहरा कसा होतो यावरूनही बरंच कळतं.

सोनेरीची एक अडचण कुणी सांगत नाही. एका कंपनीचं रोझ गोल्ड दुसऱ्याच्या रोझ गोल्डला जुळत नाही. त्याच कंपनीचा नळ दोन वर्षांनी घेतला तरी झाक बदललेली असू शकते. आमचं हेल्थ फॉसेट (संडासातला हातात धरायचा फवारा) बदलावं लागलं, तर नवं गुलाबी कमी आणि तांबडं जास्त. आता ते दोघं एकाच भिंतीवर सवतींसारखे उभे आहेत. म्हणून सोनेरी किंवा काळा घ्यायचाच असेल तर अँगल कॉक, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, जाळी, टॉवेल रॉड, सगळं एका वेळी, एका कंपनीचं घ्या आणि हेल्थ फॉसेट एक जादा घेऊन माळ्यावर टाका. यातच बजेट फुगतं. आम्हाला त्याच मॉडेलच्या क्रोमपेक्षा रोझ गोल्ड जवळपास दीडपट पडला होता, आणि ती दीडपट प्रत्येक छोट्या तुकड्यावर लागते.

ब्रश्ड: ज्याबद्दल कुणी विचारत नाही

शोरूममध्ये हे नळ कोपऱ्यात असतात आणि दिव्याखाली मंदच दिसतात. पण सर्वांत कमी पुसावं लागतं ते यांनाच. पृष्ठभागावर एका दिशेने बारीक रेषा ओढलेल्या असतात, त्यामुळे उजेड पसरतो आणि थेंबाचा डाग, बोटाचा ठसा त्यात हरवतो. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला दिवसातून पन्नास वेळा हळदीचे, पिठाचे, तेलाचे हात लागतात. रविवारी पुसला तर बुधवारीही तसाच दिसतो.

यात दोन जाती. एक ब्रश्ड निकेल: पितळेवर मुलामा, रंगाला किंचित पिवळसर ऊब. दुसरी अंगभूत स्टीलची. आपल्या घरात बोअर असेल तर मी या दुसऱ्या जातीकडे झुकते. स्टीलच्या नळावर मुलामा नसतोच, मग निघणार काय? ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. हवेच्या संपर्कात त्यावर आपोआप एक संरक्षक पापुद्रा धरतो, ओरखडा पडला तर तोच परत भरून येतो. मात्र दर्जा ३०४ च हवा. स्वस्त २०० मालिकेच्या स्टीलमध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, आणि खारट पाण्यात त्यावर चहाच्या डागासारखे तपकिरी ठिपके उठतात. स्टीलचा नळ पुसताना रेषेच्या दिशेनेच पुसायचा. आडवं घासलं की ओरखडा कायमचा.

उणं एवढंच, की बाथरूमच्या मिक्सर-शॉवरमध्ये स्टीलचे नमुने कमी मिळतात. सगळ्या घराला ब्रश्ड करायचं म्हटलं तर ब्रश्ड निकेलवर यावं लागतं. तेही वाईट नाही. फक्त वरून लाख मारलेली आहे का, ते विचारून घ्या. लाख असेल तर त्यावर लिंबू, व्हिनेगर काहीच चालत नाही.

अँटिक ब्रासबद्दल थोडक्यात. रसायनाने मुद्दाम काळवंडवलेलं पितळ, वरून लाख. वाड्यासारखं घर बांधणाऱ्यांना मोह होतो. लाख न मारलेलं खरं पितळही मागवता येतं, पण ते घंगाळासारखं आहे. चिंच आणि राख लावून घासायची हौस असेल तर दर पंधरा दिवसांनी नवं, नसेल तर आपोआप तपकिरी. दोन्ही रूपं चांगली दिसतात. मधलं, अर्धं उजळ आणि अर्धं हिरवट, तेवढं दिसत नाही.

आणि गच्चीवर, शेतातल्या खोलीत, वॉशिंग मशीनला? पांढरी प्लास्टिकची तोटी. ना गंज, ना मुलामा, ना चोरी.

मामांचं ॲसिड

रावेर तालुक्यातल्या आमच्या मामांची केळी आहे, सगळी ठिबकवर. ठिबक म्हणजे क्षार आलाच. ड्रिपरची भोकं बुजतात, म्हणून अधूनमधून नळ्यांमधून ॲसिड सोडून त्या धुतात. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी यायच्या म्हणून मामींनी घर आवरायला काढलं, बाथरूमचे नळ पांढरे झालेले दिसले, आणि मामांनी गोठ्यातला कॅन आणला. क्षार तो क्षारच, ड्रिपरमधला काय आणि नळावरचा काय!

फडक्याने लावल्याबरोबर फसफसून फेस आला, दोन मिनिटांत पांढरं सगळं गेलं. मामा खूश. मी दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा नळ पिवळट-राखाडी झाला होता, आरसा गेला होता. दिवाळीपर्यंत मुठीच्या खाचेत हिरवे ठिपके आले. ठिबकची नळी प्लास्टिकची, तिला हायड्रोक्लोरिक ॲसिड काही करत नाही. क्रोमियमला मात्र ते सरळ खातं. मुलाम्याच्या कारखान्यात जुनं क्रोम उतरवायला तेच वापरतात. क्रोम गेलं की दिसतो तो पिवळसर रंग निकेलचा, आणि निकेलचाही टिकाव संपला की पितळेची हिरवी झाक.

संडास साफ करायच्या बहुतेक निळ्या बाटल्यांतही हेच ॲसिड असतं. शॉवरखालची फरशी घासताना ते उडतं. बाटली वापरली की नळावर भरपूर पाणी मारायचं. आणि ॲसिड व ब्लीच एका वेळी कधीच नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

नव्या घरात तर नळ वापरायच्या आधीच खराब होतात. टाइल्स बसल्या की सिमेंटचे डाग काढायला मिस्तरी फरशी ॲसिडने धुतो. नळाला थेंबही लागला नाही तरी नुसत्या वाफेने दोन दिवसांत क्रोमवर धुरकट डाग येतात, आणि मग भांडण नळाच्या दुकानदाराशी. फिटिंग सर्वांत शेवटी बसवायचं. लाइनमधली वाळू, पाइपचा कीस आधी मोकळ्या तोंडाने वाहून जाऊ द्यायचा. प्लंबरने पाना लावताना खाली जुनं रबर किंवा जाड फडकं धरलं पाहिजे. पान्याच्या दातांचा ओरखडा कुठल्याच मुलाम्यावरून जात नाही. आमच्या रोझ गोल्डवर तसा एक आहे, अगदी समोर.

रोजचं पुसणं

खरं सांगायचं तर नव्वद उपाय ऐकून मी एकाच गोष्टीवर आले आहे. शेवटची अंघोळ झाली की नळ कोरडा करायचा. जुन्या सुती धोतराचा तुकडा, नाहीतर जुनी बनियन. पंधरा सेकंद लागतात. थेंबच नसेल तर क्षार कशाचा धरणार? हे कुणी करणार नसेल, तर काळा घेऊ नका.

तरी डाग पडतातच. क्रोम आणि स्टीलला पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी, त्यात भिजवलेलं फडकं डागावर गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. किंवा किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, चमचाभर पेलाभर पाण्यात. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं. रात्रभर ठेवून विसरायचं नाही. शॉवरच्या तबकडीला तेच पाणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून रबरने बांधा, नळाच्या तोंडाची जाळी काढून वाटीत बुडवा. धार बारीक झाली म्हणून अनेकजण कार्ट्रिज (नळाच्या आतली झडप) बदलतात, बिघाड जाळीत असतो.

काळ्या आणि सोनेरीला भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी, एवढंच. व्हिनेगर लावायचंच झालं तर आधी कंपनीचं कार्ड वाचा, मग मागच्या बाजूला लावून बघा, तेही मिनिट-दोन मिनिटं. हिरवी घासणी, तारेचा घासा, दंतमंजन, पितळ उजळायची पावडर, यांपैकी काही नाही. क्रोमवर महिन्यातून एकदा गाडीचं वॅक्स पातळ फिरवलं तर थेंब घरंगळून जातो. मॅटवर मात्र वॅक्स चट्टे पाडतं.

हमीचं कार्डही वाचा. बॉडीची हमी आणि मुलाम्याची हमी बहुधा वेगवेगळ्या वर्षांची असते, आणि कठीण पाण्याने, ॲसिडने झालेलं नुकसान बहुतेकजण हमीतून वगळतात. म्हणजे आपल्याकडचं नेहमीचंच.

सॉफ्टनर बसवणार असाल, मीठ टाकून चालणारा तो सगळ्या घराचा, तर वरची सगळी गणितं बदलतात. मग काळा घ्या, हवा तो घ्या. पण मीठ संपलं की ते भरायला कोण जाणार, हे नळ घ्यायच्या आधी घरात ठरवा.

मावसभावाला मी एवढं सगळं फोनवर सांगितलं. त्याने आधी "हो हो" केलं, मग डाळीचं बायकोला विचारून घेतलं. डाळ जारच्या पाण्यात लावतात म्हणे, तीन वर्षं झाली, त्याला पत्ताच नव्हता. काल परत फोटो आला. शोरूमच्या काउंटरवर दोन क्रोमचे वॉल मिक्सर, शेजारी भाजीवाल्याकडून मागून आणलेला वजनकाटा, आणि मागे कपाळाला हात लावून बसलेला दुकानदार.